थाळी 110 ची, मग डबा कितीचा?

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतो, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग असा:

“काकू, नमस्कार. मी 27 वर्षांचा, बी.ए. झालेला. तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रावर कामाला आहे, पगार 12,000. गावाहून 14 किलोमीटर गाडीनं अप-डाऊन करतो. दुपारी आम्ही चौघं दुकानाजवळच्या खानावळीत जेवतो. लॉकडाऊन उठला तेव्हा थाळी 60 ची होती, मग 80 झाली, आता 110. जेवणातच महिन्याला साडेचार हजार जातात. खानावळवाला सरळ लुटतो. आम्ही सोयाबीन 4,100 नं विकलं, आणि हा त्याच तेलाचं कारण सांगून भाव वाढवतो. डबा न्यावा म्हटलं तर आई पहाटे साडेचारला उठते, घरचं आवरून निंदणाला जाते, 300 रुपये रोजानं. तिला आणखी काम कसं सांगू? मागितला तर ती नाही म्हणणार नाही, तेच अवघड आहे. डबा नेला तर बाकीचे तिघं कंजूष म्हणतील ते वेगळंच. घरचे म्हणतात, लग्न झालं की डब्याचा प्रश्न आपोआप सुटेल. तुम्ही काय म्हणता?”

पत्राच्या मागच्या बाजूला त्यानं रोजचा खर्चही मांडलाय. थाळी 110, दोन वेळचा चहा 20, सुपारी-तंबाखूचा खर्रा 30. पाण्याची बाटली 20 ची, महिन्यातून सतरा वेळा. सतरा हा आकडा वाचून मला बरं वाटलं. असं मोजणारा माणूस खोटा हिशोब करत नाही, चुकून दुसऱ्या खात्यात टाकतो एवढंच.

बेटा, तू टाकलास. 26 दिवसांच्या थाळ्या झाल्या 2,860 रुपयांच्या. चहा 520, खर्रा 780, पाणी 340. बेरीज 4,500 येते, बरोबर आहे, पण जेवण त्यात 2,860 चंच आहे. उरलेल्या 1,640 रुपयांना तू जेवण म्हणतोस आणि शिव्या खानावळवाल्याला देतोस. पाण्याच्या 340 रुपयांना तर मला काही अर्थच दिसत नाही. तुमच्या दुकानात माठ असेलच, नसेल तर चौघांनी मिळून घ्या, पहिल्याच महिन्यात पैसे फिटतील. खऱ्र्यावर मी फार बोलत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, पण पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू न् चुना घोटून देणं काही थांबलं नाही. वर्षाचे त्याचे 9,360 होतात आणि ते वाचवायला आईला उठवावं लागत नाही. तोंड उघडताना गालाला ताण बसायला लागलाय का, एवढं मात्र आजच आरशासमोर बघ. बसत असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरकडे जा.

आता खानावळीकडे येऊ. मी त्या माणसाची बाजू घेणार आहे, राग मानू नकोस.

आमच्या गावच्या स्टँडजवळ एक खानावळ आहे. दारातल्या काळ्या पाटीवर खडूनं भाव लिहिलेला असतो. तो भाव बदलतो तेव्हा मालक सगळी पाटी पुसत नाही, बोट ओलं करून एकच आकडा पुसतो. 7 चा 8, 8 चा 9. पुसलेल्या जागी पांढुरका डाग राहतो आणि त्याच डागावर नवा आकडा येतो. त्याआधी दोन-तीन महिने ताटात काय काय बदलतं ते मी बघत आलेय. आधी वाटी बदलते. वरणाची वाटी बाहेरून तेवढीच दिसते, पण बूड वर आलेलं असतं. मग पापड जातो. मग “पोळ्या पाहिजे तेवढ्या”च्या “चार” होतात आणि पाचवीचे दहा रुपये लागतात. हे सगळं करून भागत नाही तेव्हा तो बोट ओलं करतो. लुटणारा माणूस एवढे दिवस वाटीशी खेळत बसत नाही.

त्याला गॅस आपल्यासारखा मिळत नाही. आपल्या घरी 14.2 किलोचं लाल सिलिंडर येतं, त्याला 19 किलोचं निळं घ्यावं लागतं, आणि त्याचा भाव दर महिन्याच्या 1 तारखेला बदलू शकतो. घरच्या सिलिंडरचे 50 रुपये वाढले, एप्रिल 2025 मध्ये, तेव्हा महिनाभर घरोघरी चर्चा होती. त्याला अशी चर्चा दर 1 तारखेला करावी लागते. (काही जण मागच्या दारी लालच सिलिंडर लावतात. ते बेकायदा आहे, आणि दाटीच्या जागेत जीवाशी खेळ आहे. तुझा खानावळवाला निळं लावत असेल तर दोन रुपये जास्त घेऊ दे त्याला.) भाजी चिरणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बाईचा रोजही वाढलाच असणार. तुझ्या आईचा वाढला तेव्हा तुला आनंद झाला ना? पोळ्या लाटणारीही कोणाची तरी आईच असते.

सोयाबीनचं तुझं दुखणं मात्र खरं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं कच्च्या सोयाबीन, पाम न् सूर्यफूल तेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं. त्याआधी ते शून्य होतं. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून लावलं, असं सांगितलं गेलं. किराणा दुकानात तेल लगेच चढलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि तुझं गेलं 4,100 नं. असं का होतं, तर एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं 18 किलोच्या आसपास, बाकी जवळजवळ सगळी पेंड. पेंडीला बाहेर गिऱ्हाईक नसलं की तेल कितीही महाग असो, दाण्याचा भाव उठत नाही. मे 2025 च्या शेवटी कच्च्या तेलावरचं ते शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. म्हणजे तू विकताना स्वस्त विकलंस आणि खाताना महाग खाल्लंस, आणि यात खानावळवाला तुझ्याच रांगेत उभा आहे. तोही तेल विकतच घेतो, फक्त 15 किलोच्या डब्यानं.

एका गोष्टीवर मात्र त्याला धर. बिलावर जीएसटी लावत असेल तर छापील बिल माग, त्यावर त्याचा जीएसटी नंबर पाहिजे. साध्या खानावळीवर 5 टक्के कर आहे, पण वर्षाला 20 लाखांच्या आत धंदा असेल तर नोंदणीच लागत नाही. नोंदणी नाही तर कर घेता येत नाही. काही जण कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असतात, त्यांनाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायची मुभा नाही. कोऱ्या चिठोऱ्यावर “जीएसटी 6 रुपये” लिहून देणारा एक ढाबेवाला मला भेटलाय. मी नंबर मागितला तर म्हणाला, “राहू द्या मॅडम, तुमचे सहा रुपये राहू द्या.”

आता डबा. घरचा डबा फुकट असतो असं तू कुठं लिहिलेलं नाहीस, पण बहुतेक मुलं तसंच धरून चालतात, म्हणून मी माझ्या स्वयंपाकघरात एका डब्याचा हिशोब केला. दोन भाकरींचं ज्वारीचं पीठ 7 रुपये, भाजी 8, तेल 2, बेसन किंवा दाळ 5, कांदा-तिखट-मीठ-चटणी 4, गॅस 4. झाले 30. तुमच्याकडे चुलीवर कपाशीच्या पऱ्हाट्या जळत असतील तर गॅसचे चार कमी कर, धुराचे काय लावायचे ते तू ठरव. ज्वारी वावरातली असेल तर आणखी कमी होईल, पण ती असेल असं मला वाटत नाही. सोयाबीन आलं तशी ज्वारी गेली, आणि जी कोणी पेरतं तिला पाखरं न् रानडुकरं ठेवत नाहीत. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे, त्यात गहू आला तर पोळीचा खर्च वाचेल.

30 रुपयांनी 26 दिवसांचे 780 होतात. थाळीचे 2,860 वजा 780, म्हणजे महिन्याला 2,080 वाचले. आता तुला खरी अडचण वाटते ती त्यात घाल. तू मागितलास तर आई वेगळी कणीक भिजवेल, वेगळी भाजी फोडणीला टाकेल, पोळ्यांना तेल लावेल, डबा पुसून देईल. चाळीस मिनिटं धर. 26 दिवसांचे सतरा तास आणि वर वीस मिनिटं. निंदणाचा रोज सहा तासांचा असेल तर हे जवळजवळ तीन रोज झाले, 900 रुपयांचे. तुझ्या 2,080 मधले 900 आईच्या झोपेतून आले. तिला ते कोणी देत नाही म्हणून हिशोबात दिसत नाहीत, इतकंच. तुला लाज वाटते ती बरोबर जागी वाटते. मुलांची पत्रं मला पुष्कळ येतात, त्यांत ही लाज क्वचित दिसते.

पण बेटा, एक गोष्ट तू लिहिली नाहीस. आई निंदणाला जाते ना? मग ती दुपारी काय खाते?

तिची शिदोरी तर रोज बांधली जातेच! धुऱ्यावर झाडाखाली बसून ती फडकं सोडते, त्यात भाकरी असते, ठेचा असतो, नाहीतर रात्रीची कोरडी भाजी, एखादा कांदा. ती तयार करायला तिला वेगळा वेळ लागत नाही, कारण स्वतःसाठी ती वेगळं काही करतच नाही. चाळीस मिनिटं लागतात ती तुझ्यासाठी, कारण तू दुकानावर जाणारा, चार माणसांत डबा उघडणारा. पोराच्या डब्यात ठेचा-भाकरी दिली तर लोक काय म्हणतील, हा तिचा घोर. म्हणून तिला जाऊन “डबा देशील का” असं विचारूच नकोस. “तू जे नेते तेच मी नेतो” असं सांग. ती ऐकणार नाही. म्हणेल, “तुह्यासाठी दोन पोया टाकाले मले कितीक वेळ लागते?” तेव्हा चुलीपाशी बस आणि सांग, की त्या दोन पोळ्या तिच्याही फडक्यात जाणार असतील तरच टाक.

आणि बसलाच आहेस तर हात चालव. रात्री जेवण झालं की भाजी चिरून ठेवणं, लसूण सोलणं, सकाळी पीठ मळणं, डबे घासणं, फडकं धुणं. भाकरी थापता येत नसेल तर शिकायला पंधरा-वीस दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात कडा फाटतात, दुसऱ्या आठवड्यात ती तव्यावर टाकताना दुमडते. पीठ ताजं दळलेलं असू दे. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, मग माणूस स्वतःला दोष देत बसतो. पाणी कडक गरम घे आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळ. मी ही विद्या माझ्या सासऱ्यांकडून शिकले. ते सोंगणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस वावरात मुक्कामाला असायचे आणि आमच्या घरात सगळ्यांत गोल भाकरी त्यांची व्हायची.

“लग्न झालं की प्रश्न सुटेल” या वाक्यावर मी दोनदा चष्मा पुसला. ज्या मुलीला तू अजून पाहिलंही नाहीस तिच्या पहाटेचे चाळीस मिनिटं तुझ्या घरच्यांनी आत्ताच वाटून टाकले. तीही नोकरी करत असेल, किंवा निंदणालाच जात असेल. महिन्याला 1,000-1,200 रुपयांत डबा पोचवणारी बाई तालुक्याच्या गावी शोधलीस तर मिळू शकेल, आणि तिला निदान पैसे द्यावे लागतात हे सगळ्यांना मान्य असतं. तुझ्या लग्नाच्या बोलण्यात मला पडायचं नाही. पण मुलगी बघायला जाशील तेव्हा तुला भाकरी येते हे सांग. तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आता ते तिघं. हसतील. खोटं कशाला सांगू?

मी तेवीस वर्षं एस.टी.नं अप-डाऊन करत शाळेत शिकवलं. रोज डबा. एकदा वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घरी आणले होते, परत नेताना बसच्या धक्क्यात डब्याचं झाकण सुटलं आणि वांग्याचा रस्सा सातवीच्या भूगोलात शिरला. एका पोराचा महाराष्ट्राचा नकाशा कोकणापासून खानदेशापर्यंत पिवळा झाला. त्याला मी एक मार्क जास्त दिला, अजून कोणाला सांगितलेलं नाही. हसले सगळे. पण स्टाफरूममध्ये हसण्यापेक्षा मला दुसरं काही लक्षात राहिलं. डबे एकाच टेबलावर उघडायचे, भाज्या इकडून तिकडे जायच्या, पण काही डब्यांकडे हात जायचे आणि काहींकडे जायचे नाहीत. “आज माझं पोट बरं नाही” असं एक सर एकाच बाईंच्या डब्याला दर वेळी म्हणायचे. त्या बाईंनी काही वर्षांनी डबा आणणंच सोडलं, स्टँडवर आलूबोंडा खाऊन यायच्या. त्यामुळे डबा नेला नाही की माणूस उधळ्या आणि नेला की काटकसरी, असं मी मानत नाही. त्या बाईंना आलूबोंड्याचे पैसे जड होते, तरी त्या ते रोज देत होत्या. तुमच्या चौघांत असं काही असेल तर तू आधी दुसऱ्याच्या डब्यात हात घाल, मग तुझा पुढे कर.

नसेल तर “कंजूष” हा शब्द चार-सहा दिवस पुरतो, पुढे त्यांनाच कंटाळा येतो. खानावळ एकदम सोडू नकोस. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर जा, ताट घे, हसत जेव. महिन्यात चार थाळ्यांचे 440, बावीस डब्यांचे 660, एकूण 1,100. तरी 1,760 वाचतात. आणखी एक सोय आहे, ती तालुक्यातले नोकरदार वर्षानुवर्षं करत आलेत. भाकरी घरची न्यायची आणि खानावळीतून नुसती भाजी मागवायची. बेसनाच्या पातोडीचा रस्सा हाफ प्लेट घेतला तर दोघांना पुरतो, आणि ती झणझणीत तर्री घरी होत नाही, हे आपण मान्य करू. खानावळवालाही नाराज होत नाही, त्याचं गिऱ्हाईक टिकतं. हे तिघांपैकी एकाला जरी पटलं तरी तू एकटा पडणार नाहीस.

एका गोष्टीची मला काळजी आहे. तुझं दुकान फवारणीच्या औषधांचं आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते तुला मी सांगायला नको. डबा औषधांच्या फडताळावर, खालच्या खोक्यांत, गोदामात, कुठंच ठेवू नकोस, झाकण कितीही घट्ट असो. लाल-गुलाबी औषध लावलेलं बियाणं हाताळतोस, बाटल्या मोजतोस, गळकी बाटली पुसतोस, आणि तेच हात भाकरी मोडणार. साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, नखांसकट, आणि जेवायला दुकानाच्या बाहेर बसायचं. मालकाला सांग, बाहेरच्या ओट्यावर एक खुंटी ठोकून द्या, पिशवी अडकवायला. तेवढीही जागा नसेल तर माझा सगळा वरचा हिशोब फाडून टाक आणि 110 ची थाळी खा.

मृगाच्या सरी पडल्या की तुमच्याकडे काय होतं मला माहीत आहे. सकाळपासून बियाण्यासाठी रांग, तीन वाजले तरी पाणी प्यायला सवड नाही, तोवर खानावळीतली भाजी संपलेली, मग समोसा न् चहा. ते चार आठवडे तरी डबा ने. तीन वाजता गार भाकरी न् ठेचा खाऊन माणूस संध्याकाळपर्यंत उभा राहतो, समोशानं तासाभरात पोट जळतं.

आणि उन्हाळा. पारा 45 च्या वर गेला की डबा दुपारपर्यंत टिकवणं ही वेगळीच विद्या आहे. गाडीच्या डिक्कीत डबा ठेवलास तर दोन वाजता उघडल्यावर वास घ्यायचीही गरज पडणार नाही, झाकणच फुगलेलं दिसेल. गरम भाजीवर झाकण लावू नको, वाफ आत कोंडते आणि तिथूनच सुरुवात होते. पंख्याखाली निवू दे, मग बंद कर. एप्रिलपासून जूनपर्यंत वरण-भात नको. शिजलेला भात गरम हवेत फार लवकर बिघडतो, आणि वासावरून दर वेळी कळतही नाही. दोडका, लौकी, टमाटरचा रस्सा हेही नको. गवार, भेंडी, कारलं, कोरडा झुणका, हे चालतं. भिजवलेल्या फडक्यात डबा गुंडाळून माठाजवळ ठेवायचा, फडकं वाळलं की पुन्हा ओलं करायचं. दुकानात कूलर असेल तर त्याच्या मागे नको, पुढे.

भाजीच नको वाटेल अशा दिवसांत चटणीवर निभव. जवस मंद आचेवर भाजायचं, तडतडायला लागलं की उतरवायचं, करपलं तर कडू होतं. लसूण, लाल मिरची, मीठ, थोडं जिरं घालून कुटायचं. बरणीत आठ-पंधरा दिवस राहते. भाकरीवर घ्यायची, वर कच्च्या तेलाची धार. फल्लीदाण्याची, तिळाची अशीच. कैरी आली की ती किसून टक्कू करून ने, पण रोजचं रोज. आईला एक दिवस सुट्टी असेल तेव्हा तिच्यासमोर बसून या तिन्ही चटण्या तूच कूट. तिनं नुसतं मीठ चाखून सांगायचं.

तुमच्या गावी शिवभोजन केंद्र चालू असेल तर तेही बघून ये. 26 जानेवारी 2020 ला ही थाळी सुरू झाली, दहा रुपयांत, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ताटं ठरावीक असतात, लवकर संपतात, आणि तुझ्या वयाच्या राबणाऱ्या माणसाला दोन पोळ्यांनी भागत नाही. पण सोबत घरची भाकरी असली तर भागतं. तिथं रांगेत ओळखीचं कोणी दिसलं तर नमस्कार कर आणि उभा राहा.

डबा विकत घेताना स्टीलचा घे, तीन कप्प्यांचा नको, दोन कप्प्यांचा पुरतो. दुकानातच झाकण काढून आतली रबर बघ. पाणी मागून डबा भर, उलटा धर आणि जोरात हलव. दुकानदार ओरडेल, ओरडू दे. माझा सातवीचा भूगोल तुझ्या दुकानाच्या बिलबुकात नको. आणि दोन घे, एकसारखे. आई फडक्यात बांधते ते तिला आवडतं म्हणून, की डबा कधी कोणी आणून दिला नाही म्हणून, हे तिला विचारून मला कळव.